पुलावरच्या जाळीची बाजू

पूल पंधरा मीटर लांब, एक मीटर रुंद आणि जमिनीपासून तीन मीटर वीस सेंटीमीटर उंच होता. त्यावर एक्स्पांडेड जाळीचे सहा पत्रे, त्यांच्याखाली पंचवीस आडवे अँगल, साठ क्लॅम्प, दोन्ही बाजूंना कठडा. एका पत्र्यात शंकरपाळ्याच्या आकाराची पंधराशेच्या आसपास भोकं. अलीकडच्या टोकाला बेदाण्याने भरलेले चाळीस क्रेट आणि क्रेटच्या मागे निवडीच्या सात बायका. पुलावर कुणीही नव्हतं.

"बघा," भूपालआण्णा म्हणाले. कारखाना त्यांचा. "आज पाचवा दिवस. पूल तयार आहे आणि ह्या खालून वळसा घालून जातायत. अठरा पायऱ्या खाली, अठरा वर, डोक्यावर दहा किलो. एका खेपेला चार मिनिटं. पुलावरून अर्धं मिनिटही लागायचं नाही. तुम्ही शिकलेले आहात, सांगा, असं का?"

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. भौतिकशास्त्रात एम. एस्सी. करून कुपवाडच्या एका जाळीच्या कारखान्यात लागल्याला तीन महिने झाले होते. आता त्याला बारा वर्षं होतील. तासगावजवळचा हा बेदाण्याचा कारखाना म्हणजे मी स्वतः जाळी निवडून दिलेलं पहिलं काम. शेडच्या एका टोकाला निवडीचा माळा, दुसऱ्या टोकाला पॅकिंगचा, आणि दोन्ही जोडणारा हा पूल.

"भीती वाटत असेल," मी म्हणालो. "जाळीतून खालचं दिसतं. सवय नसली की डोळे फिरतात."

"तेच मी म्हणतोय. परवा ह्यांनी पुलावर पोती अंथरली होती. सुपरवायझरनं काढायला लावली. परदेशी गिऱ्हाइकाचा माणूस तपासायला येतो, त्याला मालाच्या वाटेत पोतं दिसलं तर अख्खा कंटेनर परत." आण्णांनी आवाज चढवला, बायकांना ऐकू जाईल इतपत. "सोमवारी सकाळी सातही जणी पुलावरून गेल्या नाहीत, तर मी ठेकेदाराची पोरं आणतो. हंगाम थांबत नाही. ह्यांना सांगून झालंय."

तो शनिवार होता.

आण्णा ऑफिसात गेले. बायकांमधली सगळ्यात वयस्कर बाई पुढे आली. साडीवर पुरुषी शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेला पंचा. ही हौसाक्का. निवडीच्या टेबलावर तिचं अकरावं वर्ष होतं आणि बाकीच्या सहा जणी तिच्या तोंडाकडे बघून वागत होत्या.

"मावशी, पूल मजबूत आहे," मी म्हणालो.

"आमी कुठं म्हणलं मोडंल म्हणून?"

"मग जात का नाही?"

"खालनंच बरं हाय."

"सोमवारी काम जाईल तुमचं."

"ते कळतंय की." तिने क्रेट उचलून डोक्यावर ठेवला आणि जिन्याकडे वळली. तिच्यामागे पाच जणी. शेवटची, मालन नावाची पंचविशीची मुलगी, माझ्याकडे न बघता गेली.

मला राग आला नाही, कुतूहल वाटलं. या पुलाला साधा पत्रा चालला नसता. धुतलेल्या बेदाण्याचा चिकट रस आणि पाणी त्यावर साचतं, पाय घसरतात. म्हणून जाळी. जाळीचे चार नमुने मी तोलून, मोजून पाहिले होते. निवडलेल्या नमुन्यात भोकाचा लांब कर्ण शंभर मिलिमीटर, आडवा तेहेतीस, लोखंडाची पट्टी आठ मिलिमीटर रुंद आणि तीन जाड. वजन चौरस मीटरला साडेअकरा किलो. लांब कर्ण चालण्याच्या दिशेने ठेवला, कारण त्या दिशेने जाळी सगळ्यात कमी वाकते. पाणी लगेच निथळतं, तळवा घट्ट धरतो. माझ्या तक्त्यात या जाळीला प्रत्येक रकान्यात पहिला किंवा दुसरा क्रमांक होता.

तेव्हा भीतीच. आणि भीतीवर उपाय म्हणजे आकडा.

फिटर इसाकभाईंना मी डायल गेज आणायला सांगितलं. वस्तू किती वाकली हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारं ते घड्याळासारखं उपकरण. पुलाखाली बेदाणे धुण्याचा हौद होता; अकरा वाजता पाणी बदलण्यासाठी तो रिकामा करत. हौदावर गवंड्यांचा उंच घोडा आणि त्यावर फळी टाकून मी तिथे चढलो, उताणा झोपलो आणि गेजचं टोक जाळीला खालून टेकवलं. इसाकभाई वरून चालत गेले. काटा एक मिलिमीटर आणि एक दशांशावर जाऊन परत आला.

मी फळीवरूनच ओरडलो, "मावशी! अडुसष्ट किलोचा माणूस, फक्त एक मिलिमीटर! आता तुम्ही एकेक जण या. माझ्या डोक्यावरून सावकाश चालत जा. मी इथे खाली झोपून बघतो आणि प्रत्येकीचा आकडा सांगतो."

माल चढवायच्या फलाटावर हमाल बसले होते, त्यांच्यातून कुणीतरी जोरात खोकलं.

"लाजू नका, एकेकीने या!" मी म्हणालो.

हौसाक्का पुलाच्या तोंडाशी आली. पाय मात्र माळ्याच्या सिमेंटवरच ठेवला.

"सायेब, तुमची आई हाय न्हवं?"

"आहे की. मिरजेला असते."

"तिला आणा. तिला चालवा हिच्यावरनं. आन तुमी असंच खाली झोपून बगा."

मला वाटलं, ती माझ्या खात्रीची परीक्षा घेतेय. स्वतःच्या आईचा जीव तू या जाळीवर सोडशील का, असा तिचा प्रश्न. मी तितक्याच जोरात उत्तर दिलं, "आणतो! उद्याच आणतो! माझी आई दहा वेळा चालेल!"

फलाटावर हशा फुटला. इतका की एक हमाल पोत्यांवरून खाली सरकला. वर बायका हसल्या नाहीत. हौसाक्का डोक्यावरचा पंचा सारखा करत म्हणाली, "लेकरू हाय," आणि आत गेली.

इसाकभाईंनी मला फळीवरून उतरायला हात दिला. "चहा घ्या साहेब," एवढंच म्हणाले आणि क्लॅम्प आवळायला वर गेले.

चहा फलाटावर होता. फलाट पुलाच्या पूर्वेला. तिथे पुलाला लागून वजनाचा काटा, आणि तीनेक मीटरवर टेंपो मागे लावायची जागा आणि हमालांच्या बसायच्या पोत्यांच्या थप्प्या. पश्चिमेला नुसती भिंत. मी एका थप्पीवर बसलो. वर इसाकभाई ओणवे होऊन पाना फिरवत होते.

"ओ इसाकभाई," शेजारचा हमाल ओरडला, "पँटीला ठिगळ निळं का लावलंय? तपकिरी मिळालं न्हाई व्हय?"

"तुझ्या बापानं शिवलंय, त्यालाच इचार," वरून उत्तर आलं.

"टाके मातूर बारीक घातल्यात बगा," हमाल मला म्हणाला. "हितं बसलं की वरचं समदं कळतंय."

मी वर पाहिलं. ठिगळ निळं होतं, तळहाताएवढं, आणि टाके खरंच बारीक होते. मी ते मोजू शकलो असतो.

पेला खाली ठेवून मी हौदाला वळसा घातला, पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि पुन्हा वर पाहिलं. इसाकभाई त्याच जागी होते. मला लोखंडाच्या पट्ट्या दिसल्या आणि त्यांच्या फटींतून हलणारं काहीतरी तपकिरी. ठिगळ कुठे आहे ते सांगता आलं नसतं.

पुन्हा फलाटावर आलो. ठिगळ दिसलं.

एक्स्पांडेड जाळी विणलेली नसते. अखंड पत्र्याला काप देऊन तो ओढतात. काप उघडतात आणि मधल्या पट्ट्या तिरक्या उभ्या राहतात, खिडकीच्या झडपेच्या फळ्यांसारख्या. सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. एका बाजूने पाहिलं तर नजर पट्ट्यांच्या मधून सरळ आरपार जाते. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर पट्ट्यांवर आपटते. हे मला माहीत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर आकृतीसह लिहिलं असतं. पत्रे गाडीतून उतरले तेव्हा लांब कर्ण कुठल्या दिशेने आहे एवढंच मी तपासलं होतं, आणि इसाकभाईंनी माझ्या आराखड्याप्रमाणे बसवले होते.

वही काढून मी बसल्या माणसाच्या डोळ्यांची उंची लिहिली, पुलापर्यंतचं अंतर लिहिलं, कोन काढला. छत्तीस अंश. मग शेजारी बसलेल्या हमालांकडे पाहिलं. पाच जण होते, पाचही जणांची तोंडं पुलाकडे. अर्ध्या तासापूर्वी मी फळीवर उताणा झोपून काय काय ओरडलो होतो, त्यातला एकेक शब्द आठवू लागला.

जेवणाच्या सुट्टीत मी माळ्यावर गेलो. बायका गोल करून बसल्या होत्या. मी दारातच थांबलो.

"मावशी, माझं चुकलं. मला खरंच कळलं नव्हतं."

"आता कळलं?"

"हो."

"आईला निरोप धाडला का न्हाई अजून?" हौसाक्का म्हणाली. यावेळी बायका हसल्या, मालन सोडून.

"पहिल्या दिवशी सांगायचं होतं. आण्णांना तरी."

हौसाक्काने भाकरीचा तुकडा ताटलीत ठेवला. "पयल्या दिवशी ही मालन गेली पुलावरनं. चार खेपा केल्या. दुपारी काट्यावर माल द्यायला गेली तर एकजण म्हणला, 'आज हिरवा हाय.' बाकीचे हसाय लागले. हिला आधी कळंना, हिरवा काय. मग कळलं. ही रडत आली. म्हणली, उद्यापासनं येत न्हाई. मी म्हणलं, यायचं. सगळ्याच खालनं जाऊ."

मालन उठून पाणी आणायला गेली. परकराचा शब्द तिथे कुणीच उच्चारला नाही.

"मी आत्ता आण्णांना जाऊन सांगतो," मी म्हणालो. "त्या माणसाला—"

"काय सांगणार? सांगितलं की आण्णा त्याला बोलीवणार, तो न्हाई म्हणणार, आन सांजच्याला गावभर हुणार. मालनचा नवरा टेंपोवर असतोय. त्येच्या कानावर गेलं की हिचं कामच बंद. आन ज्या हमालानं आजवर मान वर केली न्हाई, त्योबी बघणार, काय दिसतंय म्हणून." तिने तुकडा पुन्हा उचलला. "तुमाला काय करता येतंय ते करा. कारण सांगू नगा."

"जाळीची बाजू बदलता येईल. तीच जाळी, पण उलट्या तोंडाने बसवायची."

"मंग दिसणार न्हाई?"

"नाही दिसणार. बहुतेक."

"बहुतेक काय कामाचं? मी सोता खाली बसून बगणार."

आण्णांकडे गेलो. त्यांनी हिशेब बाजूला सारून विचारलं, "निघाली का भीती?"

"आण्णा, पत्रे चुकीच्या बाजूने बसलेत. चूक माझी आहे. उद्या सुट्टी आहे, उद्या बदलतो."

"म्हणजे पूल धोक्याचा होता?"

मी क्षणभर विचार केला. "चालण्याच्या लायकीचा नव्हता."

"आणि ह्या बायकांना ते कळलं, तुम्हाला नाही?"

"हो. त्यांचं बरोबर होतं."

आण्णांनी हिशेब पुन्हा पुढ्यात ओढला. "पॅकिंगच्या माळ्याचं जाळीचं काम तुमच्या कंपनीला द्यायचं ठरवलं होतं. आता सांगलीच्या माणसाला विचारतो. वाईट वाटून घेऊ नका. पाच दिवस बायका चालल्या असत्या आणि एखादी पडली असती तर?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.

आमच्या मालकांना फोन केला तेव्हा ते ओरडले, "अरे, ताकद दोन्ही बाजूंनी सारखीच असते! चूक कसली कबूल करतोस?" मी म्हणालो, भेटल्यावर सांगतो. नंतरही कधी सांगितलं नाही.

रविवारी शेडमध्ये आम्ही चौघंच होतो: मी, इसाकभाई, हौसाक्का आणि मालन. आदल्या दिवशी मी हमालांच्या बसण्या-उभं राहण्याच्या जागा बघून ठेवल्या होत्या. खडूने फुल्या मारल्या. चौदा झाल्या.

"मी पुलावर उभा राहून जाळीच्या वर, गुडघ्याएवढ्या उंचीवर बोटं धरणार," मी हौसाक्काला सांगितलं. "तुम्ही प्रत्येक फुलीवर बसून किती बोटं ते सांगायचं. आधी आहे तसंच बघू."

ती पहिल्या फुलीवर बसली. "तीन."

"बरोबर."

दुसऱ्या फुलीवर. "पाच. एक बोट वाकडं हाय तुमचं."

"बरोबर."

"आवो, ह्ये बरोबर म्हंजी वाईटच न्हवं?"

"हो, वाईट."

"मंग तसं म्हणा की. बरोबर-बरोबर काय?"

चौदापैकी बारा जागांवरून तिने बोटं अचूक सांगितली. मालनने वहीत आकडे लिहिले. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं.

इसाकभाईंनी पहिल्या पत्र्याचे दहा क्लॅम्प सोडले आणि त्याची लांब कड धरून तो सरळ पालथा घातला. मी बोटं धरली.

"चार," हौसाक्का म्हणाली. "काय बी फरक न्हाई."

इसाकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिशातला वहीचा कागद चार ठिकाणी तिरका दुमडला, पालथा करून पाहिला. दुमड्यांचा कल तोच राहिला. मग पालथा न करता नुसता फिरवला, या टोकाचं तोंड त्या टोकाला. कल बदलला.

"पालथा नाही. टोकाला टोक फिरवायचा."

फिरवला.

"किती बोटं?"

"हात वर हाय का तुमचा?"

"आहे."

"मंग मला लोखंडच दिसतंय."

दुपारी एकपर्यंत सहाही पत्रे फिरवून झाले. पुन्हा चौदा जागा. बारा जागांवरून तिला सांगता आलं नाही. दोनदा अंदाजाने आकडा बोलली, दोन्ही चुकले. उरल्या दोन जागा वजनाच्या काट्याजवळच्या, पुलाला अगदी लागून. तिथून नजर जवळजवळ सरळ वर जाते आणि पट्ट्यांचा कल पुरा पडत नाही. तिथून तिने एकदा दोन बोटं सांगितली, एकदा चार. दोन्ही खरी होती.

"हितंच म्हणला हुता त्यो," मालन म्हणाली. दोन दिवसांत ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

मी तक्ता काढला. वजनाच्या काट्याच्या वर येणाऱ्या दोन पत्र्यांसाठी बारीक भोकांची जाळी हवी होती, पण जाडी तीच, नाहीतर सांध्यावर पाय अडखळला असता. आमच्या गोदामात एक प्रकार होता: आडवा कर्ण वीस मिलिमीटर, पट्टी आठ, जाडी तीन. वजन चौरस मीटरला एकोणीस किलो, म्हणजे जवळजवळ पावणेदोनपट. पाणी थोडं सावकाश निथळणार. माझ्या पहिल्या तक्त्यात ही जाळी तिसरी होती. अँगल हे वजन पेलतील का, ते दोनदा गणित करून पाहिलं. पेलत होते.

इसाकभाईंच्या मेहुण्याच्या टेंपोतून साडेचारला दोन पत्रे आले. यावेळी बसवण्याआधी मी प्रत्येक पत्रा उजेडासमोर धरून त्याच्या पूर्वेला यायच्या कडेवर खडूने बाण काढला. साडेसहाला क्लॅम्प आवळून झाले.

हौसाक्का काट्यावर उभी राहिली, मग उकिडवी बसली, मग मान तिरकी करून बघितलं. "तीन?"

"एक."

"आता?"

"पाच."

"मला वाटलं काढला हात." ती उठली, लुगडं झटकलं. "मालन, तू ये हितं. मी वर जाते."

ती जिन्याने वर गेली आणि पहिल्यांदा पुलावर पाऊल टाकलं. मधोमध, काट्याच्या बरोबर वर येऊन थांबली. खाली मालन सगळ्या फुल्यांवर एकेक करून बसली. मी आणि इसाकभाई भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो.

"आक्का," शेवटी मालनचा आवाज आला, "तुमी कुठं हाईसा तेच कळंना."

सोमवारी सकाळी आठ वाजता हौसाक्का क्रेट घेऊन पुलावरून गेली. तिच्यामागे बाकीच्या पाच, शेवटी मालन. आण्णा माळ्याच्या दाराशी उभे होते. सातवी पलीकडे पोहोचल्यावर ते ऑफिसात गेले.

मी फलाटावर काट्याशेजारी वही घेऊन बसलो, नवे क्लॅम्प तपासतोय असं सांगून. पाच हमाल आपापल्या जागी होते. पुलावर बाई असताना खालून कुणी मान वर केली की मी एक रेघ मारत होतो.

आठ ते नऊ, सतरा. नऊ ते दहा, सहा. दहा ते अकरा, एक. अकरा ते बारा, शून्य.